बॉक्स रूममधला अल्बम : आयर्लंडमध्ये एकट्याने गाणाऱ्याचं पोट कसं चालतं?

प्रश्न लिमरिकमधल्या एका वडिलांचा आहे. मुलगी १९ वर्षांची, शाळा सगळी आयर्लंडमध्येच झाली. गाणी स्वतः लिहिते, गिटार वाजवते, घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, म्हणजे बॉक्स रूममध्ये, एकटीच रेकॉर्ड करते. आता कॉलेज सोडून पूर्णवेळ हेच करायचं म्हणते आणि स्टुडिओत अल्बम करण्यासाठी ४,००० युरो मागते आहे. वडील विचारतात : पैसे द्यावेत का? यात पोट भरतं का? आणि एका इंग्रजी गाण्यात तिने आजीच्या ओवीची एक ओळ घातली आहे, ती इथल्या लोकांना कळणार नाही, तर काढायला सांगू का?

दादा, उत्तरं आधी सांगते, कारणं नंतर. ४,००० युरो स्टुडिओला देऊ नका, पण मुलीच्या कामावर जरूर खर्च करा. नुसत्या गाण्यांवर पहिली बरीच वर्षं पोट भरणार नाही, म्हणून कॉलेज चालू राहू द्या. आणि ओवीला हात लावू नका.

मी मुंबईत चार वर्षं डबिंग स्टुडिओत होते, आणि गेली चौदा वर्षं कॉर्कमध्ये गाण्यांचं मिक्सिंग करते, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून त्यांचं एक गाणं करते. माझ्याकडे येणारी बहुतेक गाणी घरीच रेकॉर्ड झालेली असतात. माळ्यावर, गॅरेजमध्ये, बॉक्स रूममध्ये, आणि खूपदा हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारी टॉवेल-चादरी ठेवतात त्या कपाटात. लोकांना वाटतं की पैसे वाचतात म्हणून हे सगळं घरी करतात. पैसे वाचतात हे खरं, पण त्याहून मोठ्या दोन गोष्टी हातात राहतात : वेळ आणि मालकी. एकट्या कलाकाराचं करिअर या दोन्हींवर उभं असतं. ज्यांनी त्या लवकर हातच्या घालवल्या, त्यांना पुढे फार सोसावं लागलेलं मी पाहिलं आहे.

आधी वेळेचं बोलते. इंजिनिअर धरून स्टुडिओचे दिवसाला तीनेकशे युरो जातात. ४,००० मध्ये बारा-तेरा दिवस मिळतील. ऐकायला भरपूर वाटतं, पण दहा गाण्यांसाठी ते अपुरे आहेत. पहिला दिवस तर बिचकण्यातच जातो. १९ वर्षांच्या मुलीला अजून तिचा आवाज कुठे बसतो ते सापडायचं आहे, आणि ते तासाच्या भाड्यावर सापडत नाही. डेमियन राइस हा किल्डेरमधल्या सेलब्रिजचा गायक बँड सोडून युरोपभर रस्त्यावर गात फिरला, मग परत येऊन त्याने ‘ओ’ हा अल्बम घरीच केला आणि २००२ मध्ये स्वतःच्या लेबलवर काढला. जेम्स व्हिन्सेंट मॅकमॉरोने पहिला अल्बम समुद्राकाठच्या एका एकाकी घरात पाच महिने बसून केला, तो २०१० मध्ये आला. कॉनर ओब्रायन ‘व्हिलेजर्स’ या नावाने गातो. त्याचा २०१५ चा ‘डार्लिंग अरिथमॅटिक’ त्याने मालाहाइडच्या राहत्या घरी माळ्यावर एकट्याने वाजवला, रेकॉर्ड केला आणि मिक्सही केला. होझियर या गायकाचं २०१३ चं जगभर वाजलेलं ‘टेक मी टू चर्च’ आठवत असेल. त्यातला आवाज विकलोमध्ये आईवडिलांच्या घराच्या माळ्यावर केलेल्या डेमोतलाच ठेवला आहे. एन्या या गायिकेचं काम सुरुवातीला तिच्या सहकारी रायन दांपत्याच्या परसातल्या छोट्या स्टुडिओत व्हायचं, डब्लिनच्या आर्टेन भागात. एकाच आवाजाचे थरावर थर चढवायची तिची पद्धत तासाच्या भाड्यात कुणाला परवडली असती?

ही नावं मी ‘तुमच्या मुलीचंही असंच होईल’ असं सुचवायला घेत नाही. यांतल्या बहुतेकांना पुढे कंपन्या मिळाल्या, नशिबाचीही साथ मिळाली, आणि माळ्यावर तितकंच चांगलं काम करणारे कितीतरी जण कुणाला ठाऊकही झाले नाहीत. या सगळ्यांना गाणं बिघडवून पुन्हा करायला महिने मिळाले. एवढंच मला दाखवायचं आहे.

आता खोलीबद्दल सांगते, कारण निम्मी गाणी तिथेच बिघडतात. इथल्या घरांत छताची उंची बहुधा २.४ मीटर असते, आणि बॉक्स रूमची एखादी बाजूही साधारण तेवढीच. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या पृष्ठभागांत २.४ मीटर अंतर असलं की ७१ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज तिथे अडकून घुमतो. उंची आणि रुंदी सारखीच असेल तर दुप्पट घुमतो. आयर्लंडमध्ये कितीतरी गिटारवाले डॅडगॅड पद्धतीने तारा लावतात, त्यात सगळ्यात जाड तार ७३ हर्ट्झवर येते. म्हणजे नेमकी तीच तार छेडली की खोली बोंबलते, आणि पोरगी समजते की आपली गिटार वाईट आहे. मग नवी गिटार येते, तीही तशीच वाजते! मी असे तीन-चार जण तरी पाहिले आहेत.

मराठी घरात गोधडी असतेच. ती गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा, आवाज लगेच मऊ होईल. पण गोधडी वरच्या सुरांपुरती, खर्जावर तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी कोपऱ्यांत दहा-पंधरा सेंटीमीटर जाडीचं रॉकवूल (भिंतीत भरतात ती खनिज लोकर) लाकडी चौकटीत बसवून उभं करावं लागतं. तुम्हाला सुतारकाम जमत असेल तर एका शनिवारचं काम आहे. त्याआधी फुकटचा उपाय करून बघू दे : खुर्ची आणि माइक हातभर इकडे, हातभर तिकडे. फरक चकित करणारा असतो.

माइक महागडा नको. न सजवलेल्या खोलीत नाजूक कंडेन्सर माइक शेजाऱ्याचं लॉन-मोअरसुद्धा टिपतो. शंभरेक युरोचा साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटांवर, हा माझा वर्षानुवर्षांचा सल्ला आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करावं. इथली वीजही आपल्यासारखी ५० हर्ट्झची, तिची गुणगुण गिटारच्या पिकअपमध्ये उतरते. आणि फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवा, म्हणजे सकाळी तो चालू करायचा राहणार नाही.

पाऊस मात्र बंद करता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर वर्षाला दीडशेच्या आसपास पावसाचे दिवस असतात, पश्चिमेला काही भागांत सव्वादोनशे. छताच्या खिडकीवर तडतड सुरू झाली की बहुतेक जण काम थांबवतात. पश्चिम कॉर्कमधली एक गायिका माझ्याकडे एकाच गाण्याचे चाळीस टेक घेऊन आली होती. आठ महिने ती तेच गात होती. सगळे ऐकायला मला दोन संध्याकाळी लागल्या. तिसरा टेक सगळ्यात जिवंत होता. त्यात मागे पाऊस आहे म्हणून तिने तो पहिल्याच आठवड्यात टाकून दिला होता. आम्ही तोच घेतला, पावसासकट.

घरी एकट्याने काम करण्यातला खरा धोका हाच आहे. ‘पुरे’ म्हणणारं कुणी नसतं. स्टुडिओत पैसे संपतात म्हणून तरी गाणं संपतं. घरी ते कधीच संपत नाही, आणि दोन वर्षांनी मुलाकडे शंभर अर्धी गाणी आणि एक थकलेला चेहरा उरतो. म्हणून रेकॉर्डिंग एकटीने करू दे, पण मिक्सिंग दुसऱ्या कुणाकडे द्या. मी याच धंद्यात आहे म्हणून सांगत नाही, काम कुणालाही द्या. दुसरा कान आला की तारीख ठरते, आणि तारीख ठरली की गाणं पूर्ण होतं. त्या माणसाला नुसता आवाज वाढवायला मात्र सांगू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) या एकाच पातळीवर आणून वाजवतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली खेचलं जातं आणि मग नुसतं चपटं ऐकू येतं.

आता मालकी. या भागातला एक शब्दही चुकवू नका, कारण पोटाचा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो.

गाणं वाजलं की दोन वेगळे हक्क जागे होतात. एक गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा. दुसरा त्या रेकॉर्डिंगचा. रेडिओवर, पबमध्ये, दुकानात, कार्यक्रमात गाणं वाजल्याचे गीतकार-संगीतकाराचे पैसे इमरो ही संस्था गोळा करते. त्याच गाण्याच्या प्रती काढण्याचे पैसे एमसीपीएसआय. रेकॉर्डिंगच्या मालकाचे पैसे पीपीआय, आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे पैसे राप. चार वाटा आहेत. कंपनीच्या कलाकाराकडे यांतली एखाद-दुसरीच वाट पूर्ण येते. तुमच्या मुलीने गाणं लिहिलं तिनेच, गायलं तिनेच, वाजवलं तिनेच आणि रेकॉर्डिंगही तिच्याच खोलीत झालं, तर चारही वाटा तिच्या दाराशी येतात. घरी केलेल्या कामाची ताकद ती हीच.

पण दार उघडं पाहिजे. नोंदणी केलीच नसेल तर पैसे येत नाहीत, आणि विशीतली मुलं नोंदणी करत नाहीत. त्यांना ते कारकुनी वाटतं. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक लागतो, आयर्लंडमध्ये तो पीपीआय देते. गाणं बाहेर काढायच्या आधी तो क्रमांक, इमरोमध्ये गाण्याची नोंद, आणि कुणी मैत्रिणीने फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवलं असेल तर कुणाचा वाटा किती याचा सहीचा कागद, एवढं झालंच पाहिजे. मैत्री चांगली असते तेव्हाच कागद करावा. स्वतःच्या कार्यक्रमात स्वतःची गाणी गायली की त्यांची यादीही इमरोला देता येते. छोट्या पबमध्ये गाणारी किती मुलं ही यादी देतच नाहीत, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं.

इथे कायद्याने गाण्यावरचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. वडील म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. माझ्या ओळखीच्या एका मुलाने पहिल्या अल्बमच्या रेकॉर्डिंगचे सगळे हक्क एका कंपनीला दोन हजार युरोत दिले, कारण त्या महिन्याचं भाडं थकलं होतं. सहा वर्षांनी त्यातलं एक गाणं जाहिरातीसाठी निवडलं गेलं. रेकॉर्डिंगच्या पैशातलं त्याला काहीही मिळालं नाही. भाडं थकेल तेव्हा तुमच्या घरी तिची खोली असेल, ही तुम्ही तिला देऊ शकता अशी सगळ्यात मोठी मदत आहे. ४,००० युरोंपेक्षाही मोठी.

स्ट्रीमिंगवर मी फार बोलणार नाही. प्रत्येक वेळी ठरावीक रक्कम असं काही नसतं, आणि २०२४ पासून स्पॉटिफायवर एखादं गाणं मागच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचे रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. ते दुकानाच्या पाटीसारखं समजा : लोकांना नाव कळतं. गल्ला दुसरीकडे आहे. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के आणि सीडी-टीशर्टवर १० टक्के कंपनी घेते, पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं कापलं जातं, बाकी कलाकाराला मिळतात. कार्यक्रमानंतर टेबलावर विकलेल्या सीडीचा तर सगळाच पैसा आपला. इथले लोक अजूनही सीडी घेतात. ऐकायला नव्हे, त्या संध्याकाळची आठवण म्हणून घेतात, आणि गाणारीशी दोन शब्द बोलून घेतात.

कार्यक्रमांचं गणित आयर्लंडच्या आकाराशी बांधलेलं आहे. २०२२ च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या सुमारे ५१.५ लाख होती. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून याहून जास्त माणसं राहतात! लिमरिकचं डोलन्स, गॉलवेचं रोशीन डुव्ह, क्लोनाकिल्टीचं डी बारास, डब्लिनचं व्हीलन्स अशा गावोगावच्या जागा आहेत, आणि त्या नव्या कलाकारांना मुख्य कलाकाराच्या आधी गाण्याची संधी खरंच देतात. पण एकाच शहरात दर महिन्याला गायलं तर चौथ्या वेळी फक्त मावशी आणि मैत्रिणी येतात. एका गावात वर्षातून दोनदा, फार तर तीनदा. मग देशाबाहेर जावंच लागतं, आणि तेव्हा प्रवासखर्चासाठी कल्चर आयर्लंड या सरकारी संस्थेकडे अर्ज करता येतो. पूर्णवेळ संगीतावर जगणारे जे मला माहीत आहेत, त्यांतले बहुतेक आठवड्यातून दोन दिवस शिकवतात किंवा लग्नांत गातात. यात कमीपणा अजिबात नाही. लग्नात तीन तास गाऊन जो गळा तयार होतो तो बॉक्स रूममध्ये होत नाही.

सरकारबद्दल. २०२२ मध्ये इथे कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाची प्रायोगिक योजना सुरू झाली. २,००० जणांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. २०२५ च्या किमान वेतनाने, तासाला १३.५० युरो धरले, तर ही २४ तासांची मजुरी झाली. म्हणजे योजनेने या कलाकारांना आठवड्यातले तीन दिवस मोकळे करून दिले. तिथेही मूळ मुद्दा वेळेचाच आला. ऑक्टोबर २०२५ च्या अर्थसंकल्पात ही मदत पुढे चालू ठेवायचं जाहीर झालं. पण प्रायोगिक योजनेत पात्र अर्जदारांतून निवड सोडत काढून झाली होती, तेव्हा असल्या मदतीच्या भरवशावर कॉलेज सोडायचं नाही. दुसरी सवलत १९६९ पासूनची, चार्ल्स हॉही अर्थमंत्री असताना आलेली : स्वतःच्या मूळ कलाकृतीतून होणाऱ्या वर्षाला ५०,००० युरोपर्यंतच्या कमाईवर प्राप्तिकर माफ. त्यात स्वतः रचलेलं संगीत बसतं, पण गाण्याच्या कार्यक्रमाची बिदागी बसत नाही, आणि यूएससी (उत्पन्नावरचा आणखी एक कर) व पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) हे भरावेच लागतात. महसूल खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो. आज तिला याचा उपयोग नसेल, पण गीतरचनेचे आणि कार्यक्रमाचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या वहीत लिहायची सवय लागली तर पुढे डोकेदुखी होणार नाही.

कॉलेजबद्दल एवढंच : तुम्ही लिमरिकमध्ये आहात. तिथल्या विद्यापीठात आयरिश वर्ल्ड अकॅडमी ऑफ म्युझिक अँड डान्स आहे, १९९४ पासून. सध्याच्या विषयात तिचं मन लागत नसेल तर कॉलेज सोडण्याऐवजी तिकडे बदली करता येते का ते दोघांनी जाऊन विचारा. तिथे तिला फिडल वाजवणारी मैत्रीण भेटेल. एकटीच्या खोलीत तीच एक गोष्ट मिळत नाही.

आणि आता ओवी. दादा, तुमची काळजी मला कळते. पण तुम्ही कुठल्या देशात राहता ते पाहा. इथे १९७२ पासून रेडियो ना गेल्टॅख्ता हे आयरिश भाषेचं सरकारी रेडिओ केंद्र चालू आहे. ज्यांना आयरिश धड बोलता येत नाही अशी लाखो माणसं लहानपणापासून आयरिश गाणी ऐकत आली आहेत. पबमध्ये कुणी म्हातारा डोळे मिटून शान-नोस, म्हणजे साथीशिवायचं जुनं आयरिश गाणं, गायला लागला की सगळे ग्लास खाली ठेवून गप्प होतात. त्यांतल्या निम्म्यांना शब्द कळत नाहीत, पण हे कुणाच्या तरी आजीचं आहे हे सगळ्यांना कळतं. न कळणाऱ्या शब्दांपुढे शांत बसायची सवय असलेला असा श्रोता तुमच्या मुलीला दुसरीकडे सहज मिळणार नाही. फक्त एक बघा. ओवी ती तिच्या नेहमीच्या आवाजात गाते आहे, की मुद्दाम ‘भारतीय’ हरकती घेऊन? नेहमीच्या आवाजात असेल तर ती तिची आहे. आजी जात्यावर बसून गायची ती सरळच गायची.

तर ४,००० चा हिशोब असा करा. अल्बम नको, पाच गाण्यांची ईपी करू दे. माइक, तो लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस, बंद हेडफोन मिळून सहाशे. रॉकवूल आणि लाकूड तीनशे. पाच गाण्यांचं मिक्सिंग-मास्टरिंग पंधराशेच्या आसपास. दोनशे सीडी काढायला चारेकशे. उरलेले बाराशेच्या आसपास युरो वेगळे ठेवा, पेट्रोल आणि बसभाड्याला, क्लोनाकिल्टीला जाऊन यायला. पैसे एकदम हातात देऊ नका, पण प्रत्येक खर्चाचा हिशोबही मागू नका.

कोपऱ्यातल्या चौकटी बसल्या की तिला ओवीचं गाणं पहिलं रेकॉर्ड करायला सांगा. त्यावर काहीही इफेक्ट न लावता, मेट्रोनोमशिवाय, एका बैठकीत तीनच टेक. मग ते तिन्ही तुमच्या आईला फोनवर ऐकवा आणि त्या कुठल्या टेकला सोबत गुणगुणायला लागतात ते बघा. तो टेक ठेवा.